आपल्या मशिदीची आतली गोष्ट

स्मरणिका काढायची ठरली त्या बैठकीत इतिहास कोणी लिहायचा यावर फार चर्चा झाली नाही. ‘गुरुजी आहेत की,’ म्हणून सगळे चहाकडे वळले. माझ्याकडे बांधकामाच्या हिशेबाच्या तीन वह्या आहेत, एवढाच माझा अधिकार. त्या वह्यांत सिमेंटच्या गोण्या आहेत, सळईचं वजन आहे, सुगीत कोणी किती पायली तूर दिली तेही आहे. पण तिरप्या सफा म्हणजे नमाजीच्या रांगा, भिंतीवरचे पंखे, मागची सागवानी भिंत, छतातला तो रिकामा हूक हे सगळं तसं का आहे, ते वह्यांत नाही. गावातल्या तरण्या पोरांनाही ते ठाऊक नाही. तेव्हा बाहेरच्या बाजूचा इतिहास मी थोडक्यात उरकतो आणि आत जातो.

जुन्या गावातल्या मशिदीवर शिलालेख नव्हता. निजामाच्या राज्यातली एवढंच सगळे सांगायचे. माझ्या आजोबांच्या लहानपणीही ती तशीच होती म्हणे. भिंती दीड-दोन हात जाड, दगड-मातीच्या. आत सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि वर माळवद. आपल्या भागातली सगळी घरं अशीच होती. बाहेरून बघावं तर घडीव दगडांची देखणी भिंत. आत मात्र दोन्ही तोंडांच्या मधे चिपा आणि माती भरलेली. आतलं तोंड आणि बाहेरचं तोंड धरून ठेवणारा लांब आडवा दगड कुठेच नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. आजोबांनी टाकलेली माती, वडिलांनी टाकलेली माती, तिच्यावर आमची. भर उन्हाळ्यात आत गारवा असायचा. जोहरच्या नमाजीनंतर म्हातारी माणसं तिथेच पंचा अंथरून पडायची. तो गारवा किती वजनाचा आहे, याचा हिशेब कोणी केला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गाव विसर्जनाहून उशिरा परतून गाढ झोपलेलं. फजरच्या बांगेला तासभर अवकाश होता, म्हणून मशिदीत कोणी नव्हतं. फक्त बांग देणारे मुअज्जिनचाचा हुजऱ्यात, त्यांच्या खोलीत, झोपलेले. भूकंपात भिंतींची दोन्ही तोंडं सुटून दोन बाजूंना पडली आणि पिढ्यापिढ्यांची माती खाली आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आपल्या गावातली किती, ते सरकारी कागदात आहे आणि घराघरांत आहे. इथे पुन्हा लिहीत नाही. मशिदीपुरतं सांगायचं तर उजाडल्यावर जे दिसलं ते असं : भिंत कुठेच नाही, आणि मधले खांब मात्र तुळया धरून उभे. हुजऱ्यावरची तुळई एका टोकाला खांबावर अडकून राहिली होती. तिच्या खालच्या सांदीतून मुअज्जिनचाचांना काढलं. त्यांच्या मिशीत माती होती आणि ते पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘वख्त हुआ क्या?’

दुसऱ्या दिवशी जुमा होता. गावाबाहेरच्या पडीक रानात, वरून पाऊस, खाली चिखल, अशा स्थितीत दोन सफा उभ्या राहिल्या. समोर भिंत नाही, मेहराब नाही. नमाज पढवणाऱ्याच्या पुढे कोणीतरी गुरं वळायची काठी रोवली. नव्या मशिदीची पहिली वस्तू म्हणून मी त्या काठीचंच नाव घेतो. तिच्यापुढे आधी जनाजे झाले आणि मग जुमा.

पुढची वर्षं पत्र्याच्या वस्तीत गेली. तिथल्या मशिदीला चारही बाजूंनी पत्रा आणि वर पत्रा. उन्हाळ्यात सजद्यात कपाळ भाजायचं. पावसाळ्यात पत्रा असा वाजायचा की इमामांची तकबीर दुसऱ्या सफेलाही ऐकू जात नसे. मग एक पोरगं मधे उभं राहून ती मोठ्याने पुढे द्यायचं. तरी त्या पत्र्याबद्दल तक्रार केलेली मला आठवत नाही. पत्रा पडला तर माणूस मरत नाही, हे तेव्हा गावातल्या तान्ह्या पोरालाही कळत होतं.

मग नवं गाव आलं. भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी वसवली गेली, त्यातलं आपलं एक. ज्याची जमीन जेवढी तसं घर : २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. रस्ते रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात. नकाशावर फार सुरेख दिसायचं. पण जमिनीच्या हिशेबाने घरं वाटल्यामुळे जुनी गल्ली फुटली. मशिदीला खेटून राहणारी माणसं गावाच्या चार टोकांना गेली. जुन्या गावात बांग झाल्यावर चहाचा घोट संपवून निघालं तरी पहिली सफ मिळायची. इथे म्हातारा माणूस निघायचा आणि पोचेपर्यंत दोन रकात झालेल्या असायच्या. आराखड्यात मशिदीला प्लॉट होता. बांधायची मात्र आपली आपण.

बांधकामाचं फार सांगत नाही. दगड नको, यावर एकमत व्हायला एक मिनिटही लागलं नाही. त्या काळात आपल्या पट्ट्यात कोणी दगडी भिंतीचं नाव काढलं तर माणसं त्याच्याकडे वेड्यासारखी बघायची. इंजिनिअर सांगत होते की दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे; नीट सांधे आणि वर काँक्रीटचा पट्टा दिला तर दगडही उभा राहतो. त्यांचं खरं होतं. पण ऐकणाऱ्याने स्वतःच्या हाताने दगड उचलून माणसं काढलेली होती. शेवटी काळ्या जमिनीत खोल पाया घेऊन आरसीसीचा सांगाडा, ३० फूट रुंद आणि ३६ फूट खोल सभागृह आणि वर सपाट स्लॅब, असं ठरलं. घुमट नको. घुमटाशिवाय मशीद कसली, असं एक-दोघांनी म्हणून पाहिलं. बाकीच्यांनी नुसतं वर बघितलं.

स्लॅब टाकताना मधोमध एक लोखंडी हूक सोडून ठेवला. आखाती देशात कामाला गेलेल्या आपल्या गावच्या एका पोराने झुंबर द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून. हुकाकडे परत यायचंच आहे.

सांगाडा उभा राहिल्यावर खरी मशीद सुरू झाली. पहिला प्रश्न तोंड कुठे करायचं. जुन्या गावात मावळतीकडे तोंड केलं की झालं. नव्या प्लॉटची समोरची भिंतही रस्त्याला धरून, बरोबर पश्चिमेला. पण इमामसाहेबांनी एका सर्वेवाल्याकडून होकायंत्र आणवलं, हिशेब मांडून घेतला आणि निघालं असं की मक्का आपल्यापासून सरळ पश्चिमेला नाही. पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यांत जवळची वाट धरली तर ती पश्चिमेपासून साधारण १२ अंश उत्तरेकडे झुकते. म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाने किंचित उजवीकडे वळायचं. यावर जे वादळ झालं ते अजून आठवतं. ‘मग आमच्या बापाने पढलेल्या नमाजी वाया गेल्या का?’ असा थेट सवाल एका चाचांनी टाकला. इमामसाहेबांनी शांतपणे सांगितलं की दिशा मोटामोटी बरोबर असली की नमाज होते, बापाची झाली, आजोबांचीही झाली. पण आता ठाऊक झालंय आणि फरशी अजून बसायची आहे, तर बरोबर का करू नये?

भिंत फिरवता येत नव्हती. फरशी फिरवता येत होती. १२ अंश म्हणजे कागदावर केसभर वाटतं. ३० फुटांच्या रुंदीवर ते सहा फुटांपेक्षा जास्त होतं. पहिली सफ डाव्या हाताला समोरच्या भिंतीला टेकते आणि उजव्या हाताला भिंतीपासून सहा फूट मागे राहते. पुढे उजव्या कोपऱ्यात एक तिकोनी जागा रिकामी, मागे डाव्या कोपऱ्यात तशीच दुसरी. सुरुवातीला ही अडचण वाटली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मिंबर मेहराबीच्या उजव्या हातालाच असतो. पुढच्या तिकोनात मिंबर आणि कुराणाची कपाटं अशी बसली की जणू त्यांच्यासाठीच जागा ठेवली होती. मागचा तिकोन म्हाताऱ्यांचा झाला. लांबून चालत आलेल्यांना टेकायला तिथे बाक टाकले. आज गुडघे गेलेली आमची पिढी खुर्चीवर नमाज पढते ती तिथेच.

फरशी शहाबादी घेतली. कर्नाटकाच्या सीमेपलीकडून ट्रक येतो, आपल्याला ती जवळची. सफेच्या खुणेला चार-चार फुटांवर काळ्या कडप्प्याची पट्टी. गवंडी आधी कुरकुरला. सरळ खोलीत तिरपी फरशी म्हणजे दर ओळीच्या टोकाला तुकडा कापायचा आणि तुकडा वाया. त्याने पहिल्या दिवशी दोरी धरली, पुन्हा सोडली, पुन्हा धरली. मग बाहेर जाऊन बिडी ओढून आला आणि म्हणाला, ‘गुरुजी, मी आजपर्यंत खोली बघून फरशी बसवली. आता खोलीकडं बघायचंच नाही, दोरीकडं बघायचं.’ तसंच केलं त्याने. कापलेले तुकडे वजूखान्याच्या बैठकींना लागले, एकही फेकला नाही. पुढे एका देणगीदाराने चकचकीत टाइल्स बसवून देतो म्हटलं. वऱ्हांड्यात बसवून पाहिल्या. वजू करून ओल्या पायांनी येणारे दोघे पहिल्याच आठवड्यात घसरले. आत शहाबादीच राहिली. खडबडीत आहे, करडी आहे, फोटोत उठून दिसत नाही. पण मे महिन्यात तिच्यावर कपाळ टेकून बघावं.

तिरप्या सफांनी एक गंमत केली. इंजिनिअरांनी तुळयांसाठी आत दोन खांब घ्यायलाच लावले होते, एकमेकांपासून दहा फुटांवर. खांब सफेच्या मधे आला की रांग तुटते, म्हणून पट्ट्या अशा आखल्या की उजवा खांब बरोबर दोन सफांच्या सीमेवर पडावा. तो पडला. पण सफा तिरप्या, त्यामुळे डावा खांब दोन फूट सरकून थेट सफेच्या पोटात, एका माणसाच्या जागी उभा राहिला. दोन्ही खांब साधणं भूमितीतच नव्हतं. पोरं त्याला खांबचाचा म्हणतात. जमातीतला सगळ्यांत नेमाने हजर असणारा माणूस तोच, असं इमामसाहेबही एकदा हसत म्हणाले होते.

आवाजाचं मात्र हसू आलं नाही. पहिल्या खुतब्याला आम्ही सगळे थक्क झालो. काँक्रीटचं सपाट छत, गुळगुळीत गिलावा, रिकामी फरशी. इमामसाहेब एक शब्द बोलायचे आणि त्याचे तीन व्हायचे. विहिरीत बसून ऐकल्यासारखं. जुन्या मशिदीत लाउडस्पीकर नसतानाही शेवटच्या सफेला कुजबुज कळायची. तिथे मातीचा गिलावा, लाकूड आणि वरची माती आवाज पिऊन टाकत होती, हे तेव्हा कळलं. ज्या गोष्टींनी माणसं मारली त्याच आवाज सांभाळत होत्या. कोणी म्हणालं भोंगा वाढवा. वाढवला. तीनाचे सहा झाले.

तोडगा सुतारमामांनी काढला. आपल्या गावचेच, जुन्या मशिदीचे दरवाजे त्यांच्या वडिलांनी केलेले. ढिगाऱ्यातून निघालेलं सागवान आम्ही पत्र्याच्या वस्तीतही जपून ठेवलं होतं : खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या. कशासाठी, ते ठरलं नव्हतं. दगड विकला, माती सोडून दिली, लाकूड मात्र कोणी हलवू देत नव्हतं. त्याने एक माणूस वाचवला होता. मामांनी एका संध्याकाळी रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली. मग मागच्या भिंतीला दहा-बारा फळ्या नुसत्या उभ्या टेकवल्या आणि पुन्हा टाळी वाजवली. फरक आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मग मागची सबंध भिंत त्या फळ्यांनी मढवली, मधे बोट-बोट फट ठेवून, मागे काथ्या भरून. सफांवर जाड सुती सतरंज्या आल्या. मिंबरच्या तीन पायऱ्या तुळयांच्या केल्या. पहिल्या पायरीच्या कडेला बघा, तिथे कुसाचं चौकोनी भोक आहे. काही जण ते बुजवा म्हणत होते. मामांनी बुजवलं नाही.

२००१ च्या जानेवारीत झुंबर आलं. दोन लाकडी पेट्या, आत भुसा, भुशात काचेचे लोलक. एवढी देखणी वस्तू या गावात आधी आली नव्हती. २६ तारखेला जुमा होता. जुम्यानंतर सगळ्यांच्या देखत टांगायचं ठरलं. सकाळी मी शाळेत झेंडावंदनाला होतो. परत येतो तर गावातल्या टीव्हींसमोर माणसं गोळा झालेली. भुज. आठ वाजून शेहेचाळीस मिनिटांनी. पडद्यावर जे दिसत होतं ते आम्ही ओळखत होतो. नवीन एवढंच होतं की काँक्रीटच्या इमारतीही पडल्या होत्या. सात वर्षं आम्ही ज्याच्यावर विसंबलो होतो, ते सिमेंट.

त्या दिवशी जुम्याला माणसं नेहमीएवढीच आली. पण मधली जागा रिकामी राहिली. कोणी ठरवलं नव्हतं. सफ भरत गेली आणि हुकाखाली येऊन थांबली. इमामसाहेबांनी मागे वळून बघितलं, सफ जोडून घ्या म्हणायला तोंड उघडलं आणि मग स्वतःच मेहराबीतून मागे चालत येऊन हुकाच्या बरोबर खाली उभे राहिले. नमाज तिथूनच झाली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. मशिदीच्या फाटकापर्यंत, पंधरा-वीस जणी, काही घरांत एकट्याच उरलेल्या. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क अम्मा फाटकातूनच बोलली. तिचं म्हणणं एवढंच, की आमची पोरं इथे डोकं टेकतात. त्यांच्या डोक्यावर काही टांगू नका. झुंबर नको, पंखा नको, काचेची तसबीरही नको. कमिटीतल्या एकानेही वाद घातला नाही. झुंबर देणाऱ्या पोराला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, माझी अम्मा होती का त्यांच्यात? होती. झुंबर विकलं आणि त्या पैशांत भिंतीवरचे पंखे, दिवे आणि बाहेर उघडणारे तीन रुंद दरवाजे झाले. दरवाजांना उंबरा नाही, तोही त्याच दिवसांत काढला. अंधारात पळताना ठेच लागू नये म्हणून. चपलांची फळीही दारापासून लांब आहे, ती त्याचसाठी.

इथे मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. या सभागृहाच्या आतल्या रचनेतला सगळ्यांत मोठा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना त्या सभागृहात जागा नव्हती. त्या फाटकात उभ्या राहून बोलल्या आणि परत गेल्या. आराखडा करताना आम्ही त्यांना विचारलं नव्हतं, आणि हे सुचलंही नाही याची मला आज लाज वाटते. बाजूची खोली, स्वतंत्र दार आणि स्वतंत्र वजूची जागा, पुढे कितीतरी वर्षांनी झाली. तिथे आता मुलींचा मक्तब चालतो आणि रमजानात तरावीहला बायका येतात. तिथेही छताला काही टांगलेलं नाही.

गेलेल्यांची नावं भिंतीवर कोरावीत असं अनेकांना वाटत होतं. संगमरवराचा भावही काढला होता. दोन बैठका झाल्या. नमाजीत नजर सजद्याच्या जागी असावी, नावांवर जाऊ नये, असं इमामसाहेबांचं मत. आणि ज्यांची तीन-तीन नावं लागणार होती त्यांनाच ती रोज पाचदा बघायची नव्हती. भिंती पांढऱ्या ठेवल्या. समोर मेहराबीवर तेवढा कलमा. नावं एका जाड वहीत लिहिली आणि ती पुढच्या तिकोनातल्या कपाटात, खालच्या खणात आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला फजरनंतर कुराणखानी होते तेव्हा ती बाहेर निघते, वाचली जाते आणि परत जाते. अलीकडे वाचायला तरण्या मुलांना देतो. काही नावांशी ते अडखळतात. त्यांनी ती माणसं पाहिलेली नाहीत.

मधल्या काळात एसी बसवा, छताला पीओपी करा, एलईडीची फुलं लावा, अशा सूचना आल्या. येऊ देत. मुलांचं चुकतं असं मला वाटत नाही. त्यांचं डोकं मोकळं आहे, हीच तर आमची कमाई. पीओपीवर मात्र मी स्वतः हट्टाने नाही म्हणालो, आणि त्याचं कारण सौंदर्य नव्हतं.

मुअज्जिनचाचा नव्या मशिदीत नऊ वर्षं बांग देत होते. त्यांनी हुजरा नाकारला. वऱ्हांड्यात, उघड्यावर झोपायचे. थंडीतही. त्यांच्यानंतर हुजऱ्यात लाउडस्पीकरचं सामान आणि जनाजाचा पलंग ठेवतो.

हूक अजून तिथेच आहे. दर रमजानच्या आधी मशिदीला रंग लागतो. या वर्षीही रंगाऱ्याने शिडीवरून विचारलं, ‘हा कापून टाकू का?’ खाली आम्ही सतरंज्या झटकत होतो. कोणी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली, हुकालाही पांढरा हात मारला आणि शिडी पुढे सरकवली.